मधली खुर्ची

आमच्या घरात एकाच बाईच्या एकाच रेकॉर्डच्या सात प्रती आहेत. कव्हर तेच, गाणी तीच, बाई तीच. लग्न झाल्या झाल्या मी विचारलं होतं, "अहो, सात-सात कशाला?" तर ह्यांनी मला समोर बसवून तासभर समजावलं. साचा नवा असताना निघालेली प्रत स्वच्छ वाजते, साचा झिजला की आवाज मळतो, आणि कुठली प्रत कशी निघालीय हे लावून ऐकल्याशिवाय कळत नाही. "खूण सांगू?" म्हणाले. "पहिल्या ओळीच्या आधी बाई श्वास घेते. मळक्या प्रतीत तो ऐकू येत नाही." मी भाजी निवडत होते. म्हटलं, श्वास काय, सगळेच घेतात.

पण ह्या कानांवरच ह्यांचं नाव झालं. सगळे ह्यांना कानसेन म्हणतात. कुणी नवे स्पीकर घेतले की त्या घरी रविवारी सकाळी बैठक. एकाच रेकॉर्डच्या तीन-चार प्रती एकामागून एक लावायच्या, ह्यांनी मधल्या खुर्चीत बसायचं, दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर, आणि शेवटी सांगायचं, "ही." त्या खुर्चीत दुसरं कुणी बसत नाही. मी बरोबर असते, पण भिंतीकडे, चहापाण्याला. पोस्टात तीस वर्षं पत्रं लावली, तिथे ह्यांना कुणी चहासुद्धा विचारला नाही. रिटायर झाल्यावर ह्या माणसाकडे मानाचं असं काही राहिलं असेल तर ती खुर्ची.

मागच्या वर्षी एकदा किटली शिट्टी मारून मारून कोरडी पडली. हे तिच्या शेजारी उभे राहून पेपर वाचत होते. बोललेलं ऐकू येत होतं, ढोल ऐकू येत होता, पण बारीक, उंच आवाज पार गेले होते. मी म्हटलं, कान दाखवून या. म्हणाले, किटली बिघडलीय. नवी आणली. ती आणल्या दिवसापासून बिघडलेली.

त्यानंतरच्या रविवारी दोन प्रतींमध्ये हे अडकले. कपाळावर घाम. मी चहा देत होते. इतकी वर्षं ऐकून ऐकून मलाही कळायला लागलंच होतं, भिंतींनासुद्धा कळलं असतं. दुसरी प्रत चांगली होती. ती वाजत असताना मी ह्यांचा कप बशीवर जरा जोरात ठेवला. ह्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही." पुढच्या रविवारी आधीच माझ्या हाताकडे बघत बसले होते. वर्षभर हे असंच चाललं. ना त्यांनी विचारलं, ना मी सांगितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मूठ उघडायला मीच कारण झाले. भाचीच्या बाळंतपणाला गेले आणि हे एकटे बैठकीला गेले. खरखरणारी प्रत ह्यांनी "अगदी स्वच्छ" म्हणून सांगितली. त्या बैठकीत दातांचे डॉक्टर होते. माणूस हसरा, पण दात उपटतानाही हसतच असेल असा. तेव्हा नुसते हसले. महिन्याभरानं त्यांचा फोन आला, "कानसेन, नवे स्पीकर आलेत. तीन प्रती जमवल्यात, तीन गावांहून. तुम्हीच निवाडा करायचा." ह्यांना केवढा आनंद झाला. मी म्हटलं, "नका जाऊ. पाठ दुखतेय म्हणून सांगा." म्हणाले, "पाठ कुठे दुखतेय?" आता ह्या माणसाला काय म्हणावं?

डॉक्टरांकडे स्पीकर कपाटाएवढे. बैठकीतला नेहमीचा झेरॉक्सवालाही आला होता, कुणीही काहीही बोललं की मान हलवणारा. मी नेहमीप्रमाणे भिंतीकडेच्या स्टुलावर टेकणार तोच डॉक्टर म्हणाले, "वहिनी, बायको माहेरी गेलीय. चहाचं तेवढं बघाल? स्वयंपाकघर तिकडे. सावकाश करा, तिन्ही ऐकून झाल्यावरच पिऊ." आणि माझ्यामागे दार ओढून घेतलं.

डॉक्टरांना कपाचं कळलंय. ज्यानं ह्या खुर्चीसाठी किटलीवर खोटा आळ घेतला, त्याला आज चारचौघांत खाली उतरवायचा बेत होता.

दार पूर्ण लागलं नव्हतं. फटीतून डॉक्टरांची पाठ दिसत होती. कुणाला कव्हर दिसू नये म्हणून आडोसा धरून रेकॉर्ड लावत होते. "नंबर एक." बाई गायला लागली. श्वास नाही. दुसऱ्या ओळीच्या शेवटी बारीकसं टक झालं, लगेच आणखी एक टक. मी पाणी उकळत ठेवलं.

"नंबर दोन." श्वास नाही. दुसऱ्या ओळीच्या शेवटी टक, टक.

मी चहाची पूड हातात धरून उभी राहिले. ओरखडे प्रत्येक प्रतीचे वेगळे असतात. तीन बहिणींच्या गालावर एकाच जागी तीळ नसतो.

"नंबर तीन." मी दाराला कान लावला. टक, टक.

एकच रेकॉर्ड तीनदा लावली होती. हे कुठलाही आकडा बोलले की संपलं. आणि बोलणारच होते, कारण बोलायलाच तर आले होते. कप ठेवला तर 'ही', नाही ठेवला तर 'ही नव्हे', एवढीच आमची भाषा. तीन नंबर अजून वाजत होता; मी आत्ता कप ठेवला असता तर हे तीन म्हणाले असते. तोंड उघडावं, तर सगळे म्हणाले असते, कळलं ते वहिनींना, कानसेनना नाही. मी कप भरले, ट्रे उचलला आणि पायानंच दार ढकलून आत गेले.

गाणं संपलं. डॉक्टरांनी सुई उचलली. "बोला कानसेन. एक, दोन की तीन?"

ह्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मी ट्रे धरून तशीच उभी राहिले.

"वहिनी, ठेवा ना तो," डॉक्टर म्हणाले.

"नाही ठेवत."

"अहो, जड असेल."

"असू दे."

कप एकमेकांवर वाजायला लागले. ह्यांना ते वाजणंही ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. कधी कपांकडे बघायचे, कधी माझ्या तोंडाकडे. तीस वर्षं पत्ते वाचलेला माणूस, म्हटलं, हाही वाच.

"कुठेच नाही?" हे हळूच म्हणाले.

"कुठेच नाही."

निवडायलाच काही नाही, म्हणजे तिन्ही एकच; वाचलं ह्यांनी. पाय सरळ केले, गुडघ्यांवर हात ठेवले. "डॉक्टर, तिन्ही वेळा एकच रेकॉर्ड लावलीत तुम्ही."

झेरॉक्सवाला मान हलवायचंच विसरला. डॉक्टरांचं हसू मावळलं. "मानलं," म्हणाले. "खोटं कशाला बोलू, मला तुमच्या कानांचा संशय आला होता. कसं ओळखलंत?"

जिंकलो होतो. आता फक्त मिशीतल्या मिशीत हसायचं आणि चहा प्यायचा. मी ट्रे टेबलाकडे नेला.

"मी नाही ओळखलं," हे म्हणाले. "हिनं ओळखलं. मला वर्षभर बारीक काही ऐकूच येत नाही. किटलीही नाही."

मला राग आला, अगदी डोक्यात तिडीक गेली. वर्षभर घरात, आम्ही दोघंच असताना, एवढं एक वाक्य ह्यांना बोलता आलं नाही, आणि बोलले ते कुठे तर इथे. मग ह्यांचा चेहरा पाहिला आणि रडू आलं. चेहऱ्यावर लाज नव्हती, ओझं उतरवल्यावर दमलेला माणूस असतो तसे हे दिसत होते.

ह्यांनी उठून माझ्या हातातून ट्रे घेतला. "बस," म्हणाले.

"कुठे?"

"खुर्चीत. डॉक्टर, आता खऱ्या तीन लावा."

मी बसले. खुर्ची अजून गरम होती. डॉक्टरांनी मुकाट्यानं कपाटातून बाकीच्या दोन काढल्या. "एक ऐकलीच आहे हिनं तीनदा," हे म्हणाले. "ती बाद."

दुसरी लागली. मी मान हलवली, नाही. तिसरी लागली. सुई टेकल्याचा आवाज झाला, मग शांत. हे माझ्यासमोर खाली जमिनीवर बसले होते, माझ्या तोंडाकडे बघत.

"श्वास?" हे म्हणाले.

इतकी वर्षं मी तो भिंतीकडूनच ऐकला होता. मधून ऐकला तेव्हा बाई माझ्यासमोरच बसली होती.

"घेतला," मी म्हटलं.

"मग ही," हे म्हणाले.