सगळ्यांना दिसणारा नंबर

हट्टा गावच्या व्यंकटरावांच्या अंगणात त्या दिवशी हळद शिजत होती आणि ओसरीवर त्यांची लेक प्रतिक्षा मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. पोरगी वसमतच्या कॉलेजात बी.एस्सी.ला. अंध मुलांना मराठी पुस्तकं वाचून दाखवणारा प्रोग्राम काही मंडळी हौसेनं, फुकट तयार करत होती. त्यातल्या अवघड चुका हीच शोधायची. या कामावरच तिला पुण्यात नोकरी मिळण्याची आशा होती.

मंडळींची चर्चा एका संकेतस्थळावर चाले. तिथं फक्त नाव दिसे. गटप्रमुख अनिरुद्ध हिंगोलीचा, भला माणूस, पण घाईचा. त्यानं सगळा कारभार मोबाइलच्या ग्रुपवर नेला. तिथं प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. जुनी जागाही राहू द्या, अशी विनंती प्रतिक्षानं केली. एकीसाठी दोन दुकानं कशाला, म्हणून त्यानं ती बंद केली. काम सोडवेना, म्हणून ती ग्रुपमध्ये गेली.

मग अनोळखी पुरुषांचे फोन येऊ लागले. जेवलीस का, फोटो पाठव. अनिरुद्धला सांगितलं तर तो म्हणाला, ब्लॉक कर. असाच एक फोन व्यंकटरावांनी उचलला.

“परक्या माणसाकडं नंबर गेलाच काहून?” त्यांनी बायकोला विचारलं.

“तिनं दिला न्हाई वं,” नर्मदाबाई म्हणाल्या. “कामाच्या ग्रुपात आपोआप दिसतो म्हणून सांगून राहिलं लेकरू.”

फोन करणाऱ्याला कुणी जाब विचारला नाही. आपल्याकडे अशा वेळी गुन्हेगार घरातच सापडतो, आणि ती मुलगीच असते. नंबर बंद झाला, लॅपटॉप कपाटात गेला, कॉलेज सुटलं. कनेरगाव नाका या गावचं स्थळ पक्कं झालं.

ग्रुपवर अनिरुद्धनं लिहिलं, मुली टिकत नाहीत, हिचं काम कोण घेतं?

गटातली प्राध्यापिका रेवती मात्र हट्ट्याला जाऊन आली. व्यंकटराव ऐकेनात. रेवती निघताना प्रतिक्षा एवढंच म्हणाली, “ताई, मी तर आधीच सांगितलं व्हतं.”

रेवतीला ते सोसवलं नाही. तिनं ग्रुपवर लिहिलं, “प्रतिक्षा गेली नाही, आपण तिला घालवलं. जिथं यायला मुलीला आपला नंबर चव्हाट्यावर मांडावा लागतो, तिथं मी काम करणार नाही.” आणि ती बाहेर पडली.

अनिरुद्धला लाज वाटली. त्यानं जुनं संकेतस्थळ पुन्हा सुरू केलं आणि पहिलं निमंत्रण प्रतिक्षाला पाठवलं. ते वाचायला तिच्याकडे काहीच उरलं नव्हतं. त्याच दिवशी कनेरगाव नाक्याला तिची वरात पोचली होती.