महिन्याभराची तब्येत

थोरलीला सकाळपासून चैन नव्हती. पेनाचं टोपण काढ, लाव, पुन्हा काढ. तीनदा खिडकीशी जाऊन आली, आणि खिडकीबाहेर समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीखेरीज बघण्यासारखं काही नाही हे तिला अकरा वर्षांपासून माहीत होतं. चहा दोनदा मागवला आणि दोन्ही वेळा गार करून टाकला. "बाई, आज पायाला भिंगरी लागलीय तुमच्या," असं समोरच्या टेबलावरचा मुद्रितशोधक म्हणाला, तेव्हा ती त्याच्यावर उगीचच खेकसली.

कचेरी कोशाची होती. इंग्रजी शब्दांचे अर्थ शतकानुशतकं कसे सरकत गेले, ते सांगणारा कोश. काम म्हणाल तर मुंगीचं. शब्द जिथे वापरलेला सापडेल तिथली एक चिठ्ठी करायची: तारीख, लिहिणारा, जसंच्या तसं वाक्य. चिठ्ठ्या तारखेने लावायच्या, अर्थाप्रमाणे गठ्ठे बांधायचे, आणि ज्या अर्थाची ताजी चिठ्ठी मिळत नाही तो मेला असं धरून त्याच्या डोक्यावर खंजिराची बारीक खूण करायची. तोंडी पुरावा चालत नाही. 'आमच्याकडे असं म्हणतात' हे वाक्य कोणी उच्चारलं, तर मुख्य संपादक त्याच्याकडे असे बघत की जणू त्याने टेबलावर चपला ठेवल्यात. त्यांना पाठीमागे सगळे 'कात्री' म्हणत. थोरली म्हणत नसे, कारण या बाबतीत ती त्यांच्याहून कडक होती.

संध्याकाळी पाचला 'टी' हे अक्षर छपाईला जायचं होतं आणि एकच शब्द अडला होता: टॉलरेबल. चार गठ्ठे. सगळ्यांत जुना, पंधराव्या शतकातला अर्थ सरळ होता: सोसता येईल असं. दुखणं, थंडी, शिक्षा. पुढच्या शतकात कायदेवाल्यांनी नि धर्मवाल्यांनी तो उचलला आणि 'मुभा द्यायला हरकत नाही' अशा अर्थाने राबवला. तो अर्थ केव्हाच मेला, त्याला खंजीर लागलाही होता. त्याच सुमाराला लोक 'बऱ्यापैकी' म्हणून तो वापरू लागले: खानावळ बऱ्यापैकी, रस्ता बऱ्यापैकी, जावई बऱ्यापैकी. आणि शेवटचा, एकोणिसाव्या शतकातला, घरगुती बोलण्यातला: कशी काय तब्येत? टॉलरेबल. म्हणजे चाललंय, काळजी नको. जो शब्द दुखणं सोसायला जन्माला आला, तोच चारेकशे वर्षांनी 'दुखत-बिखत नाही हो' म्हणायला निघाला! या चौथ्या अर्थाची अलीकडची चिठ्ठी काही केल्या सापडत नव्हती.

गंमत अशी, की थोरलीच्या घरी तो ठणठणीत जिवंत होता. वडील पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवत. 'गुड' हा शेरा त्यांनी जन्मात कोणाला दिला नव्हता. निबंध टॉलरेबल, धाकटीने केलेली भाजी टॉलरेबल. थोरली विद्यापीठात पहिली आली तेव्हा "टॉलरेबल, टॉलरेबल" असं दोनदा म्हणाले आणि निकालाचा कागद घेऊन गल्लीतल्या प्रत्येक दारात जाऊन आले. तब्येत विचाराल तर बारा महिने टॉलरेबल. पण हे सगळं तोंडी. चिठ्ठी एक नाही.

हेच वडील चोवीस दिवसांपूर्वी पुस्तकांच्या कपाटापाशी स्टुलावरून पडले. पाठीच्या मणक्याला चीर गेली. डॉक्टरांनी महिनाभर अंथरूण आणि गोळ्या सांगितल्या, आणि बजावलं की दुखणं वाढलं किंवा पाय बधिर वाटला तर एक तासही थांबू नका, उचलून आणा. वडिलांना दवाखान्याची धास्ती. आई स्वतःच्या पायाने चालत गेली होती आणि परत आली नव्हती, तेव्हापासूनची. ते धाकटीकडे राहत, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. थोरली पहिले दोन दिवस तिथे राहिली आणि निघताना आपल्याला जमते ती एकच गोष्ट करून आली. तिने वही आखून दिली. तारीख, दुखणं, गोळीची वेळ. महिन्याभराच्या तारखा स्वतःच्या हाताने घातल्या. "रोज विचारायचं, म्हणतील ते जसंच्या तसं लिहायचं आणि मला फोटो पाठवायचा," असं धाकटीला बजावलं. वडिलांना फोनवर नीट ऐकू येत नसे, आणि इकडे 'टी'ने तिच्या तोंडाला फेस आणला होता. फोटो रोज सकाळी नऊच्या ठोक्याला येई. दुखणं: टॉलरेबल. थोरली तो बघे, हुश्श करी आणि कामाला लागे.

बाराच्या सुमाराला टपालाने एक जुनी डायरी आली. कोशाला हौसेने मदत करणारी काही मंडळी असत. त्यांतल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनी ती धाडली होती. त्यांच्या आत्याबाईंची, चाळीस वर्षांपूर्वीची. उघडली तर रोजच्या तारखेपुढे इंग्रजीत एकच ओळ: तब्येत टॉलरेबल. ओळीने तीस दिवस. मुद्रितशोधक खुर्चीतून उठलाच.

"बाई, वाचला तुमचा चौथा अर्थ! खंजीर टळला!"

थोरलीने पान खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं. शाई आठ ओळींपर्यंत फिकी होत गेलेली, नवव्या दिवशी टाक पुन्हा दौतीत बुडवल्यासारखी एकदम गडद, मग पुन्हा हळूहळू फिकी. तीस दिवसांत हात एकदाही थरथरलेला नाही की घाईत नाही. सगळी अक्षरं एकाच बाजूला, एकाच मापाने झुकलेली.

"एका बैठकीत लिहिलंय हे," ती म्हणाली. "आत्याबाईंनी महिन्याभराची तब्येत एका दुपारी उरकली. या तीस चिठ्ठ्या नाहीत, एक आहे. तीही संशयाची."

मुद्रितशोधक खो खो हसला. मग डोकं खाजवत म्हणाला, "पण बाई, तब्येत आगाऊ कोण लिहून ठेवतं? कशासाठी?"

"कोणाला तरी दाखवायला."

उत्तर तोंडातून गेलं आणि थोरलीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. सकाळपासून आपल्याला काय टोचतंय ते तिला अजूनही कळलं नव्हतं, पण हात आपोआप फोनकडे गेला. बावीस फोटो. तिने ते एकापाठोपाठ एक पाहिले, चिठ्ठ्या लावतात तसे. पहिल्या चारांत वही नुसती टेबलावर ठेवलेली होती. पाचव्यापासून फोटोत धाकटीचा अंगठा होता. दुखण्याच्या रकान्यावर, त्या दिवसाच्या ओळीच्या बरोबर खाली. दुसऱ्या दिवशी एक ओळ खाली. तिसऱ्या दिवशी आणखी एक. अंगठा रोज एक पायरी उतरत होता आणि फोटो अंगठ्याशीच संपत होता. गोळ्यांच्या वेळा निळ्या शाईत, कधी वाकड्या, कधी खोडून पुन्हा लिहिलेल्या. दुखण्याचा रकाना काळ्या शाईत, एका वळणाचा, खाली खाली फिका होत गेलेला. आजच्या फोटोत अंगठा जरासा सरकला होता. त्याच्या कडेने उद्याच्या ओळीतला 'ल' बाहेर डोकावत होता.

थोरलीने धाकटीला फोन लावला.

"ताई? बरे आहेत गं. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

"उद्या कसे आहेत?"

"काय?"

"उद्या. परवा. रविवारी. तुझ्या वहीत लिहिलेलं आहे ना सगळं? वाचून दाखव."

मग "तू ये," एवढं म्हणून धाकटीने फोन ठेवला.

थोरलीने पर्स उचलली. दारात कात्री उभे होते. "बाई, पाचला 'टी' जातंय."

"जाऊ द्या."

"आणि टॉलरेबल?"

पण ती जिना उतरू लागली होती.

बसमध्ये जागा रिकामी असून तिच्याने बसवेना. दांडी धरून ती उभी राहिली आणि मनातल्या मनात धाकटीची सालटी काढू लागली. एवढंसं काम सांगितलं होतं, एक शब्द विचारायचा नि लिहायचा. आळशी, खोटारडी, लहानपणापासून अशीच. शाळेत पाढे न म्हणताच म्हटले म्हणून सांगायची. बस प्रत्येक सिग्नलला अडत होती आणि प्रत्येक सिग्नलला थोरलीचा राग थोडा थोडा उतरत होता. चौथ्या-पाचव्या सिग्नलला तो तिच्या स्वतःवरच उलटला. कोण कुठली आत्याबाई, चाळीस वर्षांपूर्वीची, तिची लबाडी दोन मिनिटांत पकडलीस. आणि स्वतःच्या बापाचं पान बावीस दिवस डोळ्यांसमोर होतं, ते एकदाही उजेडात धरलं नाहीस. का? तर शब्द पाहिजे तोच आला होता म्हणून. तिला स्वतःची लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या तापेपर्यंत.

तेवढ्यात कात्रींचा फोन आला. "बाई, एवढंच सांगा. चौथ्या अर्थाला खंजीर मारू की नको?"

"मारा," थोरली म्हणाली. "तब्येतीसाठी तो शब्द वापरणारा मला एकच माणूस माहीत आहे, आणि तो खोटं बोलतो."

दार धाकटीने उघडलं. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं, खांद्यावर ओला टॉवेल.

"मी चार दिवस विचारलं," धाकटी दारातच सांगू लागली. "खरंच विचारलं, ताई. चारही दिवस टॉलरेबल म्हणाले, मी लिहिलं. पाचव्या दिवशी काहीच बोलले नाहीत. मी म्हटलं, ताईला कळवते. तर त्यांनी हात जोडले. माझ्यासमोर, ताई. म्हणाले, महिन्याभराचं आत्ताच लिहून टाक, म्हणजे रोज उठून तुला खोटं बोलायला नको. ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. तूच सांग, बापाने हात जोडल्यावर काय करायचं असतं?"

थोरली आत गेली. वडील उताणे पडले होते. एका हाताने पलंगाची कड इतकी घट्ट धरलेली, की बोटांची पेरं पांढरी झाली होती. कपाळावर घाम. तिला बघून त्यांनी ओठ ताणले. त्याला हसू म्हणायचं.

"आज सुट्टी?"

"बाबा, कसं आहे?"

"टॉल—"

"तो शब्द नको," थोरली पलंगाशी गुडघ्यांवर बसली. "तो आजपासून बंद झालाय, मी स्वतः सांगून आलेय. दुसरा सांगा."

वडील तिच्याकडे बघत राहिले. पस्तीस वर्षं वर्गात पोरांची थाप पकडणारा माणूस. आपली पकडली गेली हे त्यांना कळलं होतं.

"तुम्ही मला का नाही सांगितलंत?" तिचा आवाज चढला. "बावीस दिवस! मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठे?" ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, चूक दाखवताना असायचा तसाच साधा आवाज होता. "तू वही मागितलीस. वही दिली."

थोरलीला कोणी फाडकन तोंडात मारल्यासारखं झालं. तिने त्यांच्या पायांवरची चादर बाजूला केली आणि डाव्या तळव्याला चिमटा काढला. वडील छताकडे बघत होते. पाय हलला नाही. पुन्हा काढला, जोरात.

"काय करतेस?" त्यांनी विचारलं.

"किती दिवस झाले?"

त्यांनी डोळे मिटले. "परवापासून माझा नाही तो. पण दवाखान्यात नको गं. तुझी आईही सगळ्यांना बरं आहे, बरं आहे म्हणतच गेली. मी नुसता इथेच पडून राहीन."

"मी बरोबर येणार आहे. तिथून हलणार नाही."

"तुझं 'टी' आहे ना आज?"

"गेलं ते."

रुग्णवाहिका यायला पस्तीस मिनिटं लागली. त्या पस्तीस मिनिटांत थोरली दारापासून पलंगापर्यंत आणि पलंगापासून दारापर्यंत किती वेळा गेली त्याचा हिशेब नाही. धाकटी वडिलांचा हात धरून बसली होती आणि मधून मधून, कोणी काही बोललेलं नसताना, "हो बाबा," म्हणत होती.

रुग्णवाहिकेबरोबर आलेला माणूस पाटीला लावलेला फॉर्म घेऊन आत आला. घाईत होता, पण कामसू दिसत होता. नाव, वय, कधी पडले, कोणती औषधं. मग त्याची नजर टेबलावरच्या वहीवर गेली.

"अरे वा, रोजची नोंद ठेवलीय? फार कमी घरं ठेवतात. द्या इकडे, दुखण्याचं त्यावरूनच उतरून घेतो, म्हणजे पेशंटला त्रास नको."

धाकटीने मान खाली घातली. थोरलीने वही उचलली. स्वतःच्या हाताने आखलेले रकाने, स्वतःच्या हाताने घातलेल्या तारखा, त्यांतल्या सहा अजून उजाडायच्या होत्या. तिने ती मिटली आणि काखेत घट्ट धरली.

"त्यात काही नाही," ती म्हणाली. "त्यांना विचारा."

तो माणूस पलंगापाशी वाकला. "आजोबा, किती दुखतंय?"

वडिलांनी एकदा धाकटीकडे पाहिलं, एकदा थोरलीकडे. पलंगाची कड त्यांच्या हातून सुटली.

"नाही सोसवत रे बाबा," ते म्हणाले. "बरेच दिवस झाले. नाही सोसवत."