बाळचा उपास

मी साप बोलतोय. पाय वर घेऊन बसायची गरज नाही, मला विष नाही. कॉर्न स्नेक म्हणतात आमच्या जातीला. अंगावर नारिंगी ठिपके, जाडी पेन्सिलीएवढी, वय अवघं चार महिने. एवढ्याशा जिवाला आपली कहाणी सांगायची कसली घाई, असं वाटेल तुम्हाला. घाई आहे म्हणूनच बोलतोय.

अंड्यातून मी बाहेर आलो तो अमेरिकेत, रूट वन हायवेवरच्या एका पेट शॉपच्या मागच्या खोलीत, प्लॅस्टिकच्या डब्यात. आईचं तोंड पाहिलं नाही. आमच्यात ती पद्धतच नाही, तेव्हा हळहळू नका. पहिली कात टाकली आणि आठवड्याच्या आत विकला गेलो. अकरा वर्षांच्या उत्तराने वाढदिवसाला कुत्रा मागितला होता. तिचे बाबा गुरुदत्त, एका लॅबमध्ये इंजिनियर, त्यांना केसांची अ‍ॅलर्जी. मग मांजर नको, ससा नको, असं करत करत गाडी माझ्यावर येऊन थांबली. १९८६चा ऑगस्ट होता.

वेस्ट विंडसरच्या त्यांच्या घरात, फॅमिली रूममधल्या लाकडी टेबलावर, माझी काचेची पेटी ठेवली. उत्तराने माझं नाव रस्टी ठेवलं. तिची आई सुमेधा मात्र दारातच उभी राहिली. "घरात जनावर आणलंत," एवढंच म्हणाली. तिच्या कोकणातल्या माहेरी सापाला साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात.

दुकानदाराने सोबत पिंकी दिल्या होत्या. म्हणजे उंदराची मेलेली, डोळेही न उघडलेली पिल्लं. उत्तरा त्या फ्रीजरमध्ये खवलेल्या खोबऱ्याच्या डब्याशेजारी ठेवायची. त्यातली एक तिने कोमट पाण्यात गरम केली आणि चिमट्याने माझ्यापुढे धरली. मी तोंड फिरवलं. नवी जागा, चारी बाजूंनी काच, वरून वाकलेली मोठमोठी तोंडं. तुमच्या तरी घशाखाली घास उतरला असता का?

आठवड्याने नागपंचमी आली. सुमेधाने काचेला हळदकुंकू लावलं, आत लाह्या टाकल्या आणि दुधाची वाटी ठेवली. "अमेरिकन आहे तो," गुरुदत्त हसून म्हणाले, "त्याला पिझ्झा दे." दूध आम्ही पीतच नाही. ते दोन दिवसांत नासलं आणि त्या आंबट वासाने माझी उरलीसुरली भूकही गेली.

मला कान नाहीत. पण कोणी टेबलाला कोपर टेकून बोललं की शब्द लाकडातून माझ्या जबड्यात येतात. त्या दिवशी सुमेधाने पहिल्यांदा कोपर टेकलं आणि विचारलं, "बाळ, उपास आहे का रे तुझा?"

उत्तराला वाटलं, आई लाडाने म्हणतेय. गुरुदत्तांच्या हातातला पेपर मात्र हळूहळू खाली आला. सुमेधाच्या धाकट्या भावाचं नाव बाळ होतं.

पुढचं सगळं तिनेच मला सांगितलं. दिवसभर घरात आम्ही दोघंच असायचो. नागपंचमीच्या आदल्या दिवशी बहिणी भावासाठी उपास करतात. सात वर्षांपूर्वी त्याच दिवशी तिच्या ऑफिसात कुणाचा तरी बर्थडे होता. तिने केक खाल्ला. घरी येऊन कालनिर्णय पाहिलं तेव्हा कळलं, उपासाचा दिवस आजच होता. तिसऱ्या दिवशी ट्रंक कॉल. सुपारीच्या बागेत बाळला पान लागलं होतं. सर्पदंशाला तिच्याकडे तसंच म्हणतात. तिकीट मिळवून ती पोचली तोवर तेरावा होऊन गेला होता. "एकटाच होतास रे बागेत," ती मला सांगायची, "कोणी जवळ नव्हतं."

मग म्हणाली, "आता तू जेवलास की मी जेवीन."

माणसं मुक्या जिवांशी काहीबाही बोलतात, म्हणून मी मनावर घेतलं नाही. पण बाईने खरंच अन्न सोडलं. चहा आणि दिवसाकाठी एखादं केळं, बास. सगळे बाहेर पडले की ती खुर्ची ओढून काचेला नाक लावून बसायची. मला पापण्या नाहीत, त्यामुळे मीही तिच्याकडे टक लावून बघतोय असं तिला वाटे. मला तर तिच्यापासून लपायचं होतं. भूक होती हो, आतडी पिळवटायची. पण तो ऊन श्वास काचेवर येत राहिला की माझा गळा मिटायचा. मी खात नाही म्हणून ती बसायची, आणि ती बसते म्हणून मी खात नव्हतो. सप्टेंबरात माझे मणके कातडीवरून मोजता येऊ लागले. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या.

उत्तराने दुकानात फोन केला. "आई, तो माणूस म्हणाला, लीव्ह हिम अलोन. छोट्या बॉक्समध्ये, अंधारात. नो लुकिंग."

"एकटं?" सुमेधा म्हणाली. "एकदा सोडलं होतं मी त्याला एकटं."

उत्तराला काही कळलं नाही. ती बाबांकडे बघत राहिली. "सुमेधा, साप आहे तो," गुरुदत्त म्हणाले. "एनफ. शनिवारी मी त्याला रिटर्न करून येतो."

"हळू बोला," ती म्हणाली. "ऐकतोय तो."

शनिवारी दुपारी गुरुदत्त गाडीत पेट्रोल भरायला गेले होते. तेवढ्यात उत्तराने मला बुटांच्या खोक्यात घातलं, शेजारी ऊन पिंकी ठेवली, खोकं कोटांच्या कपाटात सरकवलं आणि दार लावून घेतलं. "प्लीज खा," म्हणाली, "बाबा यायच्या आत." आणि खरंच निघून गेली. जन्मात पहिल्यांदा मला अंधार मिळाला. लोकरीचा वास, कुठे हालचाल नाही. मी जीभ बाहेर काढली. पिंकीचा वास गोड लागला. मी तोंड उघडलं.

तेवढ्यात जमिनीतून पावलं आली. सुमेधा दाराला टेकून खाली बसली. "बाळ, जेवलास का?"

माझं तोंड मिटलं. किती वेळ गेला कोण जाणे. पिंकी गार होत चालली. मला वाचा असती तर मी एकच शब्द बोललो असतो, जा. तो मी नुसता मनात म्हटला.

"जाऊ म्हणतोस?" दारापलीकडून ती म्हणाली. आणि उठून गेली.

अंगावर काटा येणं आमच्यात नसतं, पण मला काहीतरी झालं खरं. तरी भुकेपुढे काय चालतं? मी पिंकीला डोक्याकडून धरलं आणि सावकाश गिळलं. शेपटी घशाखाली गेली त्याच क्षणी स्वयंपाकघरातून जमिनीवाटे आवाज आला. ताटाचा. मग बोटांनी भात कालवल्याचा, मग पहिल्या घासाचा. माझं खोकं अजून कोणी उघडलंही नव्हतं.

उत्तराने ते उघडलं अर्ध्या तासाने. धावत जाऊन बघते तर आई वरण-भात जेवत होती. "आईला ऑलरेडी माहीत होतं," तिने बाबांना सांगितलं. गुरुदत्तांनी गाडीची किल्ली खुंटीला लावली. परत न्यायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

तेव्हापासून दर शनिवारी मी कपाटात खातो आणि सुमेधा पोटभर जेवते. "शी इज फाइन नाऊ," असं गुरुदत्त फोनवर लोकांना सांगतात. बाकीच्या दिवशी काय होतं ते त्यांना माहीत नाही. ती ताट वाढून घेते, अन्न इकडून तिकडे सारते, आणि दोघं उठली की सिंकखालचं उष्टं दळायचं मशीन सुरू होतं. फार वेळ चालतं ते. अख्खं ताट दळायला लागेल इतका वेळ. मला टेबलातून सगळं कळतं.

आणखी एक सांगतो. रस्टी म्हटलं तर मी हलत नाही. परवा तिने बाळ म्हटलं आणि माझी मान वळली. का वळली ते मला विचारू नका, मीच त्या गोष्टीला घाबरतो.

आता नोव्हेंबर लागलाय. मागचे दोन शनिवार मी पिंकीला तोंड लावलेलं नाही. ह्या वेळी भीती नाही, रुसवा नाही. थंडी पडली की आमच्या जातीची भूक मरते. दोन-दोन, तीन-तीन महिने आम्ही खात नाही आणि मार्चमध्ये ठणठणीत उठतो. हे मला कोणी शिकवलं नाही, अंगालाच ठाऊक आहे. माझं निभेल. तिचं निभणार नाही.

म्हणून तुमच्या पाया पडतो, पाय नसले तरी. त्या घरी कोणीतरी फोन करा. गुरुदत्तांना सांगा, जेवणानंतर सिंकपाशी उभे राहा. तिला सांगा की हा उपास नव्हे, हिवाळा आहे. आणि मी बाळ नाही हेही सांगा, तुम्ही सांगितलंत तर कदाचित मलाही पटेल.

आज तिसरा शनिवार. पिंकी माझ्याशेजारी गार पडली आहे. स्वयंपाकघरात भात शिजून तयार आहे. मला भूक नाही.