धरायला आलेली माणसं

जीवरामची लाथ बसली आणि दातांच्या दवाखान्यातला हत्यारांचा ट्रे भिंतीवर आदळला. मदतनीस मुलीचा चष्मा खुर्चीखाली गेला. हितेंद्र आणि रुपचंद या धाकट्या भावांनी त्याचे दंड दाबून धरले, तशी त्यानं हितेंद्रच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. दुखऱ्या दाढेची कळ मस्तकात गेली असावी. दोघंही एकदमच किंचाळले.

"मुसक्या बांधा त्यान्या!" रुपचंद ओरडला.

जीवरामची बायको वत्सला दाराशी उभी होती. अमळनेरहून धुळ्याला निघताना दिरांना तिनंच बोलावलं होतं. दात काढायचा म्हणजे धरायला माणसं लागतात, हे त्यांच्या घरात सगळे धरूनच चालायचे. आबा, म्हणजे सासरे, होते तेव्हा जीवरामच्या छातीवर तेच बसत.

"सोडा त्यांना. दोघंही बाहेर व्हा," डॉक्टर मृणाली म्हणाल्या.

"मॅडम, हाऊ तुमले मारी टाकी!" हितेंद्रनं चावलेलं मनगट पुढे केलं.

"बाहेर."

जबड्याखालची सूज मानेकडे उतरू लागली होती. आज दाढ निघाली नाही तर श्वास कोंडायची वेळ येईल, असं डॉक्टरांनी वत्सलेला बजावलं होतं. गुंगीच्या गोळीचा अंमल चढायला वेळ लागतो. शिरेतून औषध द्यायचं तर भूलतज्ज्ञ हवा, आणि सुई दिसताच जीवरामनं खिडकी गाठली होती. राहता राहिला नाकातून द्यायचा गुंगीचा गॅस.

"हा मास्क फक्त नाकावर. झोप लागणार नाही, भीती कमी होईल. नको वाटला तर तुम्हीच काढा. कुणी धरणार नाही."

जीवराम धापा टाकत होता. त्यानं वत्सलेकडे बोट केलं. "हाईले बसू द्या जोडे."

ती त्याच्या शेजारी बसली. त्यानं हात उचलला तशी तिची मान खांद्यात गेली. पण त्याला तिचा हात हवा होता. मास्कमधून गॅस सुरू झाला आणि हळूहळू त्याची मूठ सैल पडली. त्या मुठीची हाडं तिला अंधारातही ओळखता आली असती. उघडा तळवा मात्र तिनं आज नीट पाहिला. मऊ होता. हिरडीत सुई गेली, तरी तो हलला नाही.

"आबा, ऊठ ना," तो पोरासारखा पुटपुटला. "छातीवरथीन ऊठ. माले दम लागस."

त्याच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. दाढ निघाली, तिच्यामागून पू आला. डॉक्टरांनी गॅस बंद करून नुसता ऑक्सिजन सुरू ठेवला, आणि जरा वेळानं जीवराम पुन्हा जीवराम झाला.

"काय देखस वं?" त्यानं हात हिसकावला. तोंडात कापसाचा बोळा धरून तो बाहेर गेला, तिथूनच भावांना घातलेल्या शिव्या ऐकू आल्या.

वत्सला मास्ककडे पाहत होती.

"मॅडम, हाऊ गॅस घर ली जावाले भेटी का?"

डॉक्टर हसायला गेल्या आणि थांबल्या. वत्सलेचे समोरचे दोन दात नव्हते.

"हे कसे पडले?"

"मोरीमा पडनू."

डॉक्टरांनी हातमोजे बदलले. "बसा. पाहते. भीती वाटत असेल तर सांगा."

"माले कसानी भीती? माले धराले माणसं लागतस नही."

ती खुर्चीत बसली, पदर नीट केला, डोकं टेकवलं. डॉक्टरांनी दिवा खाली ओढायला हात वर केला.

वत्सलेचे दोन्ही कोपर चेहऱ्यासमोर आले होते. तिलाही ते नंतर कळलं.

डॉक्टरांनी हात सावकाश खाली घेतला, मांडीवर ठेवला, आणि दिवा न लावताच तिच्याजवळ बसून राहिल्या.