फसलेल्या तासांचा खुलासा

केंद्रशाळेच्या मुख्याध्यापिका ललिताबाईंची चूक एवढीच, की दोन्ही ग्रुपांना त्यांनी एकच फोटो लावला होता: शाळेचं फाटक आणि त्यावर चढलेली मधुमालती. पहिला ग्रुप केंद्राचा, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांचा मिळून. त्यात पोषण आहाराचे आकडे, 'तातडीची माहिती' आणि साहेबांचं रोजचं सुप्रभात. दुसरा बाईंनी स्वतः काढलेला, नाव 'फसलेला तास'. शहापूर आणि मुरबाड मिळून एकोणतीस शिक्षक त्यात होते आणि नियम एकच होता. झकास शिकवलेलं इथे टाकायचं नाही. जो तास वर्गात आपटला त्याचाच व्हिडिओ टाकायचा, मुलांचे चेहरे न दाखवता, आणि बाकीच्यांनी आपापलं डोकं लावायचं. जो सुप्रभात घालेल त्याने दंड म्हणून आणखी एक फसलेला तास टाकायचा.

भाविका वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत दुसऱ्या वर्षाला होती. मंगळवारी मधल्या सुट्टीत, पाण्याच्या टाकीजवळ रेंज आली तशी तिने घाईघाईने आपला तास पाठवला. मधुमालतीचा फोटो बघितला, नाव वाचलं नाही. तास गेला केंद्राच्या ग्रुपवर.

सात मिनिटांचा व्हिडिओ. बत्तीस वजा सतरा. भाविका फळ्यावर दशक सुटा करते, पुन्हा करते, आवाज चढवते, आणि शेवटी खडू टेबलावर टाकून खिडकीबाहेर बघत उभी राहते. तिने तो पुसेपर्यंत साहेबांनी बघितला होता, आणि खाली लिहिलेलं 'फसलेला तास ग्रुपसाठी' हेही वाचलं होतं.

साहेब म्हणजे त्यांच्या बीटचे, त्या भागातल्या शाळा तपासणारे विस्तार अधिकारी. माणूस दुष्ट नव्हता. पण खालून वर जाणारा प्रत्येक कागद गुळगुळीत असावा, असं त्यांना मनापासून वाटायचं, आणि अशा माणसाशी भांडणं दुष्टाशी भांडण्यापेक्षा अवघड. गुरुवारी ते किन्हवलीच्या पुढच्या ललिताबाईंच्या केंद्रशाळेत आले आणि त्यांनी टेबलावर कागद ठेवला. भाविकाला कारणे दाखवा नोटीस.

"शनिवारी शिक्षण परिषदेत देणार आहे, सगळ्यांसमोर," ते म्हणाले. "आणि तो ग्रुप बंद करा. तुमचं नाव मी यात आणत नाही बाई. त्या मुलीने परस्पर केलं, एवढं लिहून द्या. तुमची निवृत्ती चौदा महिन्यांवर आलीय."

"ती तास नीट व्हावा म्हणून विचारत होती, साहेब."

"विचारायला प्रशिक्षणं आहेत ना?"

बाईंना हसू आलं आणि रागही आला. छत्तीस वर्षांत त्यांनी इतकी प्रशिक्षणं केली होती की पिशव्या आणि फाइलींनी एक कपाट भरलं होतं. एकाही प्रशिक्षणात कुणी त्यांना विचारलं नव्हतं, की बाई, तुमचं कुठे अडतं? ते विचारायला त्यांना म्हातारपणी मोबाइल शिकावा लागला होता. लिहून देण्याचा प्रश्नच नव्हता. पण नुसतं नाही म्हणून भाविकाची नोटीस टळणार नव्हती, हेही त्यांना कळत होतं.

त्यांनी ग्रुपवर सगळं लिहिलं. खाली विचारलं, 'शनिवारी माझ्याबरोबर कोण उभं राहील?'

सगळ्यांनी वाचलं. कुणीही उत्तर दिलं नाही. बाईंना वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. पाच वर्षं ज्यांच्या चुका आपण जपून ठेवल्या, त्यांच्या तोंडाला आता कुलूप? शुक्रवारी सकाळी एकच आवाज आला, वैशाखऱ्याकडच्या शेखर गुरुजींचा. त्यांना बाईंनी आजवर प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. तेही नोटिशीबद्दल काही बोलले नाहीत.

"भाविकाताय, तुमी खडूनं दशक सोडवताय. तसं नाय समजायचं पोरांना. आता भाताची आवणी चालू हाय, त्यांच्या हातात रोपं द्या. धा रोपांची एक मूठ बांधा. तीन मुठी आन् दोन सुटी. आता सतरा रोपं लावायला काढा म्हणावं. सुटी पुरत नाय, तं पोरगं काय करील? एक मूठ सोडील. घरी बघतं ना रोज."

बाईंनी ते तीनदा ऐकलं. मग भाविकाला फोन केला.

"मोठ्या बाई, मी सरळ माफी मागते," भाविका म्हणाली. तिचा आवाज रडून बसला होता. "तुमच्या नावाला कशाला डाग?"

"माफी कशाची? आधी गिरजाकडून रोपं घे आणि तास घे. तो फसला तरी व्हिडिओ काढ."

गिरजा भाविकाच्या शाळेत खिचडी शिजवायची आणि सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच्या शेतात आवणीला जायची. तिने टोपलीभर रोपं आणून वर्गात ओतली आणि वर म्हणाली, "मूठ सोडल्याबिगर आवणी व्हते का गो, बाय? मला इचारलं असतं तं मीच सांगितलं असतं."

शनिवारी केंद्रशाळेच्या हॉलमध्ये चाळीस शिक्षक बसले. दर परिषदेत एक 'आदर्श पाठ' व्हायचा. तो कसा होतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. आठवडाभर तालीम केलेली मुलं ठरलेल्या प्रश्नाला ठरलेलं उत्तर देतात आणि शेवटी टाळ्या. या वेळचा पाठ ललिताबाईंचा होता. त्यांनी मुलं आणलीच नव्हती. मोबाइल टीव्हीला जोडला आणि चालू केला.

पडद्यावर ललिताबाई होत्या, पाच वर्षांपूर्वीच्या. तीच वजाबाकी. पडद्यावरच्या बाई मागच्या बाकाकडे बघून ओरडल्या, "डोकं आहे की खोकं?" एक मुलगी रडायला लागली, ते ऐकू आलं.

"ही अक्षदा," बाई म्हणाल्या. "चार दिवस शाळेत आली नाही. हा माझा आदर्श पाठ. याच्यावरून मी शिकले, म्हणून हा जपून ठेवलाय. भाविकाने निदान मुलांना खोकं म्हटलं नाही, स्वतः खिडकीकडे वळली."

साहेब उठले. "बाई, हे ठिकाण नाही."

"मग कुठलं ठिकाण, साहेब?"

तेवढ्यात दारातून घोट्यापर्यंत चिखलाने माखलेला एक उंच माणूस आत आला. रजा टाकून मोटारसायकलने आलेले शेखर गुरुजी. "माझा बी लावा," एवढंच म्हणून त्यांनी मोबाइल पुढे केला. मग खिशाखिशातले मोबाइल वाजायला लागले. साहेबांचाही वाजला. केंद्राच्या ग्रुपवर, तिथेच हॉलमध्ये बसलेल्या अनिताबाईंनी आपला फसलेला तास टाकला होता. मग हेमंत सरांनी. मग आणखी तिघांनी. बाकीचे मान खाली घालून बसले, आणि बाईंनी त्यांचाही राग केला नाही. भीती बाईंनाही ठाऊक होती.

साहेबांनी नोटीस बाहेर काढली. बाईंनी पर्समधून आपला कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. तो सकाळीच लिहून आणला होता.

'खुलासा. ग्रुप माझा आहे. आजवर त्यात एकशे बेचाळीस फसलेले तास जमा आहेत. पहिले अकरा माझे. कारणे विचारायची झाल्यास क्रमाने विचारावीत. भाविका मॅडमचा क्रमांक शेवटचा येतो. तोवर त्यांची मुलं वजाबाकी शिकलेली असतील.'

साहेबांनी दोनदा वाचलं. मग त्यांनी भाविकाकडे पाहिलं. "मुलं शिकली का?"

भाविका उभी राहिली. "अर्धी शिकली, साहेब. काल मुठी सोडून केली. उरलेल्यांचं अजून अडतंय. तो व्हिडिओही काढलाय. कुठल्या ग्रुपवर टाकू?"

कुणीतरी हसलं. साहेबांनी नोटिशीची घडी घातली, बॅगेत ठेवली आणि बॅगेची चेन ओढली. "नोटीस राहू द्या," ते म्हणाले. जाता जाता बाईंपाशी थांबले. "चौदा महिने राहिलेत, बाई. सांभाळून."

"चौदा महिने पुष्कळ झाले, साहेब," बाई म्हणाल्या. "तेवढ्यात माझे अजून बरेच तास फसायचेत."