बाभळीजवळची माती

शिवांजलीला प्रात्यक्षिकासाठी जतकडचं गाव मिळालं, तेव्हा तिच्या वडिलांनी, म्हणजे निवृत्त सुभेदार लालासाहेबांनी, फोनवर एवढंच सांगितलं की पोस्टिंगबद्दल कुरकुर करायची नसते. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षी काही आठवडे खेड्यात राहून शेतकऱ्यांसोबत काम करायचं, असा विद्यापीठाचा नियम. अशा मुलींना कृषिकन्या म्हणतात. साताऱ्याकडच्या उसात वाढलेल्या आमच्या कृषिकन्येनं टँकरची वाट बघणारं गाव पहिल्यांदाच पाहिलं. पण आव असा, की या माळाला आता आपणच वळण लावणार.

पहिल्याच आठवड्यात तिनं बिरोबाच्या देवळाच्या भिंतीवर स्वतः रंगवलेला तक्ता लावला. मातीचा नमुना कसा घ्यावा, याचे नियम त्यावर होते. मग जिच्या घरी ती राहत होती, त्या तानुबाईंच्या शेतातली माती तिनं तपासायला पाठवली. अहवाल आला आणि पोरगी हरखूनच गेली. नत्र भरपूर, सेंद्रिय कर्ब भरपूर. देवळापुढं बसलेल्या मंडळींना तिनं ठासून सांगितलं की तानुबाईंच्या ज्वारीला यंदा खत लागणारच नाही. तानुबाईंनी विश्वास ठेवला आणि खत आणायला निघालेल्या मुलाला थांबवलं.

पेरणी आठवड्यावर आली होती. शुक्रवारी कॉलेजचे सर येऊन गावासमोर तिचं काम तपासणार होते, आणि वर्गात पहिलं यायचं तर इथले गुण गमावून चालणार नव्हतं.

गुरुवारी सकाळी तानुबाईंचे दीर हरिबा मेंढरं घेऊन देवळावरून निघाले होते. ते तक्त्यापुढं थांबले आणि अक्षर अक्षर लावत वाचू लागले. शेवटून दुसऱ्या ओळीत, तेही लाल रंगात लिहिलं होतं की जनावरं बसतात तिथली माती घेऊ नये.

"पोरी, वैनीच्या रानातली माती तू कुठनं घेतलीस?" देवळापाशी आलेल्या शिवांजलीला हरिबांनी विचारलं.

"बाभळीजवळून."

"तितं तर म्हैनाभर माजी मेंढरं बसवली हुती."

शिवांजलीनं तक्त्यावरची लाल ओळ पुन्हा वाचली. बाकीच्या कडक रानात खुरपं शिरत नव्हतं, बाभळीजवळ भुसभुशीत लागलं, म्हणून सगळे खड्डे तिनं तिथंच घेतले होते. उसाच्या मऊ रानाची सवय, दुसरं काय! म्हणजे अहवाल शेताचा नव्हताच, तो हरिबांच्या मेंढरांच्या लेंड्यांचा होता. बाभळीजवळचा तुकडा सोडला तर सगळं रान उपाशी राहणार होतं, आणि ते तिच्या शब्दावर.

आपण कुणापाशी बोलणार नाही, असं हरिबा आपणहून म्हणाले. ती गप्प बसली असती तर शुक्रवार झकास पार पडला असता. ज्वारी पिवळी पडेपर्यंत ती केव्हाच गाव सोडून गेली असती. हा विचार मनात आला मात्र, तिला स्वतःचीच लाज वाटली. ती तडक चुलीपुढं गेली आणि तानुबाईंना सगळं सांगून टाकलं. त्यांनी कोपऱ्यातली कुदळ काढून दिली. दिवसभर शिवांजली अख्ख्या रानातून नागमोडी फिरत नव्यानं माती काढत राहिली. तळहाताला फोड आले. कुठं खणायचं नाही, हे हरिबा बांधावरून सांगत होते.

शुक्रवारी सर आले, गाव जमलं. शिवांजली उभी राहिली.

"माझी चूक झाली," ती म्हणाली. "नियम मीच लिहिला आणि मीच मोडला. नवा अहवाल येईपर्यंत माझ्या सांगण्यावरून कुणी खत बंद करू नका."

सरांचं लिहिणं थांबलं. माती परीक्षणाचे गुण कापावे लागतील, असं ते म्हणाले, आणि शिवांजलीनं मान हलवली. मग त्यांनी तानुबाईंना त्यांचं मत विचारलं.

"आवं सर, हिला नापासच करा," तानुबाई म्हणाल्या.

शिवांजलीचा चेहरा खाडकन उतरला.

"म्हंजी पुढल्या साली हीच पोर परत आमच्यात यील. दुसरी कोन आली आन् चूक झाकून निगून गेली, तर आमी काय करायचं?"

सर खळखळून हसले. शिवांजलीही हसली, पण तिचे डोळे भरून आले होते.

संध्याकाळी सुभेदारांचा फोन आला. पोस्टिंग कधी संपतंय, असं त्यांनी विचारलं.

"आबा," शिवांजली म्हणाली, "गावानं वाढवून मागितलंय."