तव्यावरचा अभिप्राय

"मग इंदुमतीनं थरथरत्या हातांनी ते पत्र फोडलं," असं म्हणून मुकुंदरावांनी पुस्तकावरची नजर उचलली आणि हळूच तव्याकडे पाहिलं.

हेमावतीबाईंनी भाकरीवर पाण्याचा हात फिरवला, पाणी सुकू दिलं, भाकरी उलटली आणि मग चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांवर उभी केली. भाकरी टम्म फुगली. कुठे डाग नाही की चीर नाही.

"मुंद?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं. पुढं काय झालं?

पुढं श्रीकांतने इंदुमतीला टेनिसच्या मैदानाजवळ गाठलं, तो तिच्याशी चंद्राबद्दल बरंच काही बोलला आणि ती मूर्च्छित पडली. मुकुंदरावांनी ते सगळं सांगितलं. तेवढ्या वेळात आणखी तीन भाकऱ्या झाल्या आणि तिन्ही उत्तम झाल्या. दुसऱ्या कुणाच्या घरी नवऱ्याला याचं समाधान वाटलं असतं. मुकुंदराव मात्र खट्टू झाले.

याचं कारण सांगायलाच हवं. मुकुंदराव हुबळीत लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत मराठी शिकवत. पण पुण्यामुंबईचे नवे कादंबरीकार त्यांना वचकून असत ते वेगळ्याच गोष्टीसाठी. पुण्याच्या एका मासिकात गेली अकरा वर्षं ते नव्या प्रेमकथांची परीक्षणं लिहीत. महिन्याला दोन-तीन कादंबऱ्यांचं पुडकं टपालाने येई. नव्या पुस्तकांची पानं कडेला एकमेकांना जोडलेली असत, म्हणून मुकुंदराव आधी स्वयंपाकघरातली सुरी मागून घेत आणि पानं कापत बसत. मग रोज एकेक प्रकरण वाचायचं आणि सकाळी शाळेआधी, भाकऱ्या होत असताना, ते बायकोला कन्नडमध्ये सांगायचं, असा त्यांचा नेम होता. हेमावतीबाई माहेरच्या कन्नड. मराठी बोलायला त्या उत्तम शिकल्या होत्या, पण वाचायचं म्हटलं तर कन्नडच.

सांगायला बसायचं ते उंबरठ्याच्या बाहेर. पुस्तकाच्या बांधणीला खळ लावलेली असते, ती सोवळ्यात चालत नाही, हा मुकुंदरावांच्या आईचा नियम. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती, नियम अजून होता.

आणि आता जे कुणालाच, पुण्याच्या संपादकांनासुद्धा, माहीत नव्हतं ते. मुकुंदरावांची स्वतःची अशी काही कसोटी नव्हती. त्यांना सगळ्याच प्रेमकथा थोड्याफार आवडत. त्यांची कसोटी तव्यावर होती. गोष्ट ऐकता ऐकता बायकोला भाकरी उलटायचं भान राहिलं नाही आणि ती करपली, की कादंबरी चांगली. मग ते लिहीत, "रसपरिपोष उत्तम साधला आहे." दोन भाकऱ्या करपल्या तर, "प्रत्येक रसिकाने संग्रही ठेवावी." एकही करपली नाही तर, "कागद व छपाई चांगली आहे." संपादकांनी एकदा पत्रात लिहिलं होतं की आपली पारख आजवर कधी चुकली नाही. ते पत्र मुकुंदरावांनी जपून ठेवलं होतं, आणि ते हाती घेतलं की त्यांना थोडी लाजही वाटे.

सध्याची कादंबरी साताऱ्याच्या कुणा नव्या लेखकाची आहे, असं त्यांनी बायकोला सांगितलं होतं. ती त्यांचीच होती. सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांना वाटलं होतं, जन्मभर दुसऱ्यांच्या प्रेमकथांना मार्क देत बसलो, एक आपल्यालाही लिहिता येते का पाहावं. दोन वर्षं खपून दोनशे बारा पानं लिहिली होती. ती ट्रंकेत, शाळेच्या जुन्या पेपरांखाली होती; सांगताना हातात असे ते टपालाने आलेलं दुसरंच पुस्तक. पुण्याचा एक प्रकाशक पाहायला तयार झाला होता. मंगळवारच्या टपालाने पाठवायची की नाही एवढंच ठरायचं होतं, आणि ते बायकोच्या तव्यावर ठरायचं होतं. तिला न कळता.

शुक्रवारी इंदुमतीचं दुसऱ्याशी लग्न ठरलं. भाकऱ्या छान झाल्या.

शनिवारी इंदुमती मरणार होती. हा मुकुंदरावांचा हुकमी एक्का होता. अकरा वर्षांत नायिका क्षयाने गेली आणि भाकरी करपली नाही असं क्वचितच झालं होतं. त्यांनी सावकाश सांगायला सुरुवात केली. खोकला सांगितला, रुमालावरचा रक्ताचा ठिपका सांगितला, श्रीकांत उशाशी बसून म्हणाला ते सगळं सांगितलं. सांगता सांगता त्यांनी स्वतःचेच डोळे टिपले. हेमावतीबाईंनी भाकरी उलटली, शेकली, ताटात घातली.

"बिचारी," त्या म्हणाल्या. "झुणका वाढू अजून?"

मुकुंदराव अर्ध्या जेवणावरून उठले. शाळेत त्यांनी एका वर्गाला कालचाच धडा पुन्हा शिकवला. पोरांच्या ते लक्षात आलं, पण सरांचा चेहरा पाहून कुणी बोललं नाही. शनिवारची शाळा लवकर सुटली, आणि ते घरी न जाता उन्हातून उणकलच्या तळ्याकडे चालत निघाले. कादंबरी तळ्यात टाकून मोकळं व्हावं, असं त्यांनी वाटेत नक्की केलं. कादंबरी तळ्यात टाकायची तर ती बरोबर आणावी लागते, हे त्यांना काठावर पोचल्यावर आठवलं. मग ते तसेच परत फिरले.

घरी हेमावतीबाई सोप्यात सूप घेऊन ज्वारी निवडत बसल्या होत्या. शेजारी फळीवर ते पुस्तक होतं, गेले पाच दिवस मुकुंदरावांच्या हातात असलेलं.

"तळ्याला पाणी किती आहे?" नवऱ्याच्या धुळीने भरलेल्या पायांकडे पाहत त्यांनी विचारलं.

"आहे."

"एन्री," हेमावतीबाई म्हणाल्या. अहो म्हणायच्या ऐवजी त्या चोवीस वर्षं हेच म्हणत आल्या होत्या. "ती खोकून मेली ती गोष्ट तुमची ना?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मुकुंदरावांनी आधी टोपी काढली, मग पुन्हा घातली.

"साताऱ्याचा कोणी एक..."

"नवं पुस्तक आलं की तुम्ही पहिल्यांदा सुरी मागता. या खेपेला मागितलीच नाही. पाच दिवस पुस्तक हातात धरलंत आणि एक पान उलटलं नाहीत. उलटणार कसं? चिकटलेलीच आहेत सगळी."

मुकुंदरावांनी फळीवरच्या पुस्तकाकडे पाहिलं. पानांच्या कडा जशाच्या तशा जोडलेल्या होत्या. आपण मुलांच्या निबंधातल्या चुका शोधतो आणि हे आपल्या ध्यानात येऊ नये, याचं त्यांना फार वाईट वाटलं. ते खांबाला टेकून खालीच बसले.

"मग बोलली का नाहीस?"

"गोष्ट ऐकायची होती की हो."

"आवडली नाही तुला."

हेमावतीबाईंनी ज्वारीतला एक खडा बाजूला काढला. "ती इंदुमती पाच दिवसांत एकदासुद्धा जेवली नाही. तिला काय हवंय तेच मला कळेना. आणि तो श्रीकांत! किती बोलतो तो! चंद्र म्हणतो, कमळ म्हणतो. मनात खरंच काही असलं तर माणसाला इतकं बोलता येतं का?"

"म्हणून भाकरी करपली नाही," मुकुंदरावांच्या तोंडून निसटलं. आणि त्यांनी जीभ चावली.

"तेही ठाऊक आहे मला."

"काय ठाऊक आहे?"

"माझ्या भाकरीवर तुम्ही लोकांना पास-नापास करता ते. करपलेली भाकरी मिटक्या मारत खाणारा नवरा सबंध हुबळीत दुसरा नसेल. खाल्ली की हात धुऊन थेट दौतीकडे जाता." त्यांनी आणखी एक खडा काढला. "एकदा तर मी मुद्दाम करपवली."

"मुद्दाम?"

"तो बेळगावचा मुलगा नव्हता का? पहिलंच पुस्तक होतं त्याचं. आई नाही त्याला, तिच्या आठवणीसाठी लिहिलंय, असं तुम्हीच म्हणालात. मला कसंतरी झालं. ठेवली तशीच तव्यावर."

मुकुंदरावांनी कपाळावर हात मारला. त्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली होती आणि तिच्या पहिल्या पानावर त्यांचा अभिप्राय ठळक अक्षरात छापला होता. त्यांना हसूही आलं आणि रागही आला, आणि त्या दोन्हींच्या खालून खरं दुखणं वर आलं.

"परक्या पोरासाठी करपवलीस," ते म्हणाले. "माझ्यासाठी एक भाकरी जड झाली तुला?"

हेमावतीबाईंनी सूप खाली ठेवलं.

"तो परका होता म्हणून चाललं. तुमच्याशी खोटं कसं वागू?" त्यांचे डोळे भरून आले होते. "पाच दिवस वाट बघितली मी. तवा ठेवताना रोज मनात म्हटलं, आज माझं भान जाऊ दे. नाही गेलं. मी काय करू?"

मुकुंदराव उठले आणि पाय धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. शाळा नव्हती, सांगायला गोष्टही नव्हती, तरी सवयीने मुकुंदराव वेळेवर उंबरठ्याबाहेर येऊन बसले. चूल पेटली होती. हेमावतीबाई परातीत पीठ मळत होत्या.

"हातात पुस्तक नाही आज," त्या म्हणाल्या. "बाहेर कशाला बसलात?"

मुकुंदरावांनी आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग पाट घेऊन ते आत आले आणि चुलीपासून हातभर अंतरावर बसले. तिथे धूर जास्त होता.

"ओब्ब हुडुग इद्द," ते एकदम म्हणाले. एक मुलगा होता.

हेमावतीबाईंचा हात परातीत थांबला.

"त्याचं लग्न झालं. बायको आली ती नरगुंदकडची, पंधरा वर्षांची. सासू मिरजेची. तिनं सांगितलं, मराठी येईपर्यंत घरात बोलायचं नाही. सहा महिने ती मुलगी 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलायची. मुलगा तिच्याकडे बघायचा आणि त्याला वाईट वाटायचं. पण त्याला बोलताच यायचं नाही. आई देवळात गेली की तो स्वयंपाकघरापाशी यायचा, आज भाजी काय केली विचारायचा, ती सांगायची, की संपलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा भाजी."

"मुंद?" हेमावतीबाईंनी हळूच विचारलं.

"मग त्यानं वाचनालयातून एक कादंबरी आणली. त्याला काही वाचायची आवड नव्हती. बायकोशी बोलायला काहीतरी हवं होतं म्हणून आणली. एकेक प्रकरण वाचायचं, दुर्गदबैलच्या बाजारातनं घरी येताना कन्नड शब्द जुळवायचे, आणि आई देवळात गेली की उंबरठ्यावर बसून सांगायचं. ती मुलगी ऐकायची. तेराव्या दिवशी पहिल्यांदा हसली."

चुलीतलं लाकूड तडतडलं. मुकुंदराव बायकोकडे न बघता निखाऱ्यांकडे बघून बोलत होते. चोवीस वर्षांत हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

"आणि अठराव्या दिवशी पुस्तक संपलं. दुसरं आणायला गेला तर वाचनालय आठ दिवस बंद. मुलगा घाबरला. आता उद्या पुन्हा भाजीच विचारायची? म्हणून तो बायकोला म्हणाला, याचा दुसरा भाग आहे."

"त्या पुस्तकाला दुसरा भाग नव्हता?"

"नव्हता. आठ दिवस त्यानं मनानं रचून सांगितला. काय सांगितलं ते आता त्यालाही आठवत नाही. एवढंच आठवतं की त्यातल्या तिसऱ्या दिवशी तिची भाकरी करपली. पहिल्यांदाच. आई देवळातनं आली आणि वास घेऊन ओरडली. मुलगी खाली मान घालून उभी होती. मुलानं ती करपलेली भाकरी मागून घेतली आणि खाल्ली. इतकं गोड त्यानं आयुष्यात..."

मुकुंदराव मध्येच थांबले. सवयीने त्यांनी श्वास ओढून घेतला. करपल्याचा वास येत नव्हता. त्यांना वाटलं, झालं, हेही नाही. आता निकाल काय तो कळला. त्यांनी मान वर करून तव्याकडे पाहिलं.

चुलीवर तवा नव्हता. तो उतरवून भिंतीशी टेकवलेला होता. लाकडं मागे ओढलेली होती, आणि परातीतलं पीठ ओल्या फडक्याखाली झाकलेलं होतं. हेमावतीबाई दोन्ही गुडघे जवळ घेऊन, पिठाचे हात तसेच ठेवून त्यांच्याकडे बघत बसल्या होत्या. डोळ्यांतलं पाणी पुसायचंसुद्धा राहून गेलं होतं.

"भाकऱ्या?" मुकुंदरावांनी विचारलं.

"होतील मग," त्या म्हणाल्या. "मुंद?"